कालप्रवासाच्या कथा आणि भाषेचे अंतर : शहापूर–मुरबाडच्या भूमीवरून एक विचार

१. विषयप्रवेश

कुमारवयीन मुले एखाद्या यंत्राच्या, ताइताच्या अथवा अपघाताच्या योगाने आपल्या काळातून निघतात, दुसऱ्या काळात जाऊन पोहोचतात, तेथे संकटात सापडतात आणि काही शहाणपण पदरी बांधून परत येतात, अशा कथांचा प्रकार गेल्या सव्वाशे वर्षांत जगातील बहुतेक प्रगत वाङ्मयांत रूढ झाला आहे. या कथांची चर्चा झाली ती प्रायः दोन अंगांनी. असा प्रवास भौतिकशास्त्राच्या नियमांत बसतो काय, हा पहिला प्रश्न. आणि प्रवाशाने भूतकाळात ढवळाढवळ केल्यास त्याच्या स्वतःच्या वर्तमानाचे काय होते, हा दुसरा. भाषेच्या अभ्यासकास मात्र या दोहोंच्याही आधी एक साधा प्रश्न पडतो. ही मुले तेथे पोहोचल्यावर बोलणार कोणाशी, आणि कोणत्या भाषेत?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. कथेच्या सोयीसाठी लेखकाने तो बाजूस सारला, तर त्याबद्दल त्यास कोणी दोष देणार नाही. परंतु भाषेचे अंतर पुसून टाकले की भूतकाळ हा केवळ एक ‘दूरचा प्रदेश’ होऊन बसतो, आणि त्याच न्यायाने दूरचा प्रदेश हा ‘भूतकाळ’ वाटू लागतो. ही उलटापालट निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे आपल्या शेजारी, आपल्याच काळात जगणारी माणसे मागील युगातील समजली जातात. प्रस्तुत लेखात या कथाप्रकाराचा संक्षिप्त इतिहास देऊन, ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या भूमीवर ही गोष्ट पारखून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हेच दोन तालुके का, याचे कारण सांगणे इष्ट होईल. एच. जी. वेल्सचे कालयंत्र ज्या जागी उभे असते त्या जागेवरून हलत नाही. बदलतो तो काळ. म्हणून कालप्रवासाची कसोटी पाहावयाची तर एक जागा निश्चित करून तेथेच उभे राहिले पाहिजे, आणि त्या जागेवर किंवा तिच्या निकट वेगवेगळ्या शतकांतील भाषेचे पुरावे उपलब्ध असले पाहिजेत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही ठाणे जिल्ह्यात राहिलेले, सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले हे दोन तालुके या दृष्टीने विशेष सोयीचे आहेत. एकीकडे माहुलीचा किल्ला, दुसरीकडे नाणेघाटाची वाट व सिद्धगड, आणि मध्ये कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा अनेक समाजांची वस्ती असा हा प्रदेश आहे.

२. कथाप्रकाराचा पूर्वेतिहास

कालप्रवासाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. विष्णुपुराणात व भागवतात रैवत ककुद्मी राजाची कथा येते. आपली कन्या रेवती हिला योग्य वर कोणता, हे विचारण्यासाठी राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असते, ते संपेपर्यंत तो थांबतो. आणि तेवढ्या क्षणार्धात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. परत आल्यावर त्यास माणसे आकाराने, तेजाने व बुद्धीने उणावलेली दिसतात. रेवती एवढी उंच भासते की बलराम आपल्या नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून समकालीन उंचीची करतो. गुहेत निद्रिस्त असलेला मुचुकुंद जागा होऊन बाहेर येतो तेव्हा तोही माणसांच्या आकारावरूनच युगांतर झाल्याचे ओळखतो. पुराणकारांनी शरीराचे अंतर इतक्या बारकाईने नोंदविले, पण रेवतीची भाषा बलरामाच्या घरी कोणास कळली काय, हा प्रश्न त्यांच्या मनास शिवला नाही. त्याचे कारण उघड आहे. संस्कृत ही देववाणी, आणि देववाणीला काळ लागू होत नाही, ही श्रद्धा त्या कथेच्या मुळाशी आहे.

पाश्चात्त्य वाङ्मयात मार्क ट्वेनने १८८९ साली एका अमेरिकन कारागिराला सहाव्या शतकातील इंग्लंडात, आर्थर राजाच्या दरबारी पाठविले. तेथील माणसे जुन्या वळणाची इंग्रजी बोलतात. ती इंग्रजी पंधराव्या शतकातील मॅलरीच्या ग्रंथावर बेतलेली आहे. वस्तुतः सहाव्या शतकातील त्या ब्रिटन राजाच्या तोंडी इंग्रजी नव्हे, तर केल्टिक कुळातील भाषा असावयास हवी होती. म्हणजे ट्वेनने भाषेला जुनेपणाचा रंग दिला खरा, पण तो रंग नऊशे वर्षांनी चुकला. जुनाट वाटणारी भाषा म्हणजे जुनी भाषा नव्हे, हा धडा येथे मिळतो.

वेल्सची ‘टाइम मशीन’ १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रवासी इ. स. ८०२७०१ या वर्षी पोहोचतो. वेल्सने भाषेचा प्रश्न टाळला नाही, ही त्याची थोरवी. प्रवाशास एलॉय लोकांची भाषा कळत नाही. ती तो एकेक शब्द विचारून शिकू लागतो, आणि तीत प्रायः मूर्त वस्तूंची नामे व क्रियापदे एवढेच आहे, अमूर्त कल्पनांचे शब्द जवळजवळ नाहीत, असे त्याला आढळते. मात्र यावरून तो जे अनुमान काढतो ते भाषाशास्त्राला मान्य होण्यासारखे नाही. भाषा सोपी, म्हणून बोलणाऱ्यांची बुद्धी क्षीण, असे ते अनुमान आहे. आठ-पंधरा दिवसांच्या ओळखीवर परक्या भाषेला ‘सोपी’ ठरविणारा हा प्रवासी आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे. फक्त त्याचे वाहन निराळे असेल.

मुलांना कालप्रवासावर नेणारी आद्य लेखिका म्हणून ईडिथ नेस्बिट हिचा उल्लेख केला पाहिजे. १९०६ सालच्या ‘द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’ या पुस्तकात चार भावंडे एका प्राचीन ताइताच्या साह्याने मिसर, बाबिलोन, अटलांटिस अशा ठिकाणी जातात. ब्रिटिश म्युझियममधील मिसरविद्येचे पंडित वॉलिस बज यांना हे पुस्तक अर्पण केलेले आहे. म्हणजे तपशिलाची आस्था लेखिकेला होती. तरीही हजारो वर्षांपूर्वीची मिसरी मुलगी आणि लंडनची मुले यांना एकमेकांचे बोलणे कसे कळले, हे सांगण्याच्या फंदात आपण पडणार नाही, असे ती वाचकाला स्पष्ट बजावते. यात एक प्रामाणिकपणा आहे. प्रश्न आहे, हे तिने मान्य केले आणि मगच दार बंद केले. नंतरच्या बहुसंख्य लेखकांनी दार आहे हेच लक्षात घेतले नाही.

३. मराठीतील वाटचाल

मराठीत विज्ञानकथेचा प्रवेश वेल्सच्या वाटेने न होता ज्यूल व्हर्नच्या वाटेने झाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकात व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप क्रमशः आले. पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचविल्या, आणि ‘फास्टर फेणे’ या मानसपुत्राच्या रूपाने मराठी कुमारवाङ्मयाला एक स्वतंत्र साहसी नायक दिला. व्हर्नचे प्रवासी चंद्राकडे जातात, समुद्रतळाशी जातात, पृथ्वीच्या पोटात जातात. त्यांचा प्रवास स्थळाचा आहे, काळाचा नाही. त्यामुळे साहस म्हणजे दूर जाणे, हे समीकरण मराठी कुमारवाचकाच्या मनात पक्के झाले.

परंतु स्थळाच्या या प्रवासात काळ चोरपावलांनी शिरलेला असतो. व्हर्नच्या १८६४ सालच्या कादंबरीत पृथ्वीच्या केंद्राकडे निघालेले प्रवासी जसजसे खोल उतरतात तसतसे भूस्तरांच्या जुन्या युगांत शिरतात, आणि अखेर त्यांना आदिकालीन प्राणी जिवंत दिसतात. आर्थर कॉनन डॉइलने १९१२ साली हीच युक्ती उलटी केली. त्याच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये दुर्गम पठारावर चढून जाणाऱ्यास भूतकाळ भेटतो. खोल उतरा किंवा उंच चढा, शहरापासून दूर गेलात की काळातही मागे गेलात, हा संकेत येथे रूढ झाला. यंत्रावाचून कालप्रवास घडविण्याची ही युक्ती फार सोयीची असल्याने साहसकथेने ती सहज उचलली. शहरातील मुले सुटीत डोंगराळ मुलखात जातात आणि तेथील माणसे त्यांना ‘हजार वर्षांपूर्वी जशी होती तशीच’ दिसतात, हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे.

काळाचा प्रश्न मराठीत खऱ्या अर्थाने आणला तो जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेत १९७४ साली टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेस पारितोषिक मिळाले आणि तेथून त्यांच्या कथालेखनास प्रारंभ झाला. ‘टाइम मशीनची किमया’ हे पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा सर्वांत महत्त्वाची. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती महाराष्ट्राबाहेरील कुमारांपर्यंतही गेली. पानिपतावर मराठे विजयी झाले असते तर, अशा पर्यायी इतिहासात तिचा नायक जाऊन पोहोचतो. आणि तो तेथे गेला होता याचा पुरावा म्हणून हाती उरते ते बखरीचे एक पान. यंत्र नव्हे, शस्त्र नव्हे, तर मराठी गद्याचे एक पान! भूतकाळाचा साक्षीदार अखेर भाषाच असते, हे एका खगोलशास्त्रज्ञाने ओळखावे, हे आम्हा भाषाभ्यासकांना विचार करावयास लावणारे आहे.

४. एकाच जागी उभे राहून

आता अशी कल्पना करू की मुरबाड तालुक्यातील वैशाखरे या नाणेघाटाच्या पायथ्याच्या गावी अथवा शहापूरजवळ माहुलीच्या खाली दोन कुमारवयीन मुले उभी आहेत आणि काळ मागे सरकत आहे. त्यांच्या कानी काय पडेल?

पहिला टप्पा जवळचा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या काळात ही मुले पोहोचली तर त्यांना भाषेची अडचण पडणार नाही. काही शब्द अपरिचित, काही उच्चार निराळे, इतकेच.

त्याही मागे, रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ साली थळघाट चढून पलीकडे गेली. भाषा अद्यापि ओळखीची. पण काळ मोजण्याची रीतच येथे दुभंगलेली आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण धरली होती आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे होती. स्थानकात एक वेळ आणि मुंबई शहरात दुसरी, असा प्रकार. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी मुंबईने आपली वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे सोडली नाही. कोण ‘पुढे’ आणि कोण ‘मागे’, हे पुष्कळदा घड्याळ कोणाच्या हाती आहे यावर ठरते, हे या छोट्या घटनेवरून ध्यानात यावे.

तिसरा टप्पा १६३६ चा. निजामशाहीच्या एका अल्पवयीन वारसाला गादीवर बसवून शहाजीराजांनी ती सल्तनत तगविण्याचा प्रयत्न केला. मोगल व आदिलशाही फौजांनी माहुलीस वेढा दिला, आणि तेथेच तो प्रयत्न संपला. निजामशाही इतिहासजमा झाली. आपल्या मुलांच्या वयाहून लहान असा एक राजा त्या किल्ल्यावर त्यांना भेटू शकेल. तेथील मराठी त्यांना कळेलशी वाटेल, आणि नेमका तेथेच घोटाळा होईल. ‘हवालदार’ हा शब्द त्यांच्या ओळखीचा. पण त्या काळी तो चौकीवरील पोलीस नसून किल्ल्यावरील मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक आहे. ओळखीचा शब्द आणि अनोळखी अर्थ ही अपरिचित शब्दापेक्षाही फसवी अडचण होय. शिवाय दरबारी कागद वाचू गेल्यास फारसी शब्दांचे दाट रान लागेल. राजवाड्यांनी शब्दांची मोजणी करून दाखविले आहे की १६२८ च्या कागदात फारसी शब्दांचे प्रमाण मराठी शब्दांहून किती तरी अधिक आहे, तर १७२८ च्या कागदात ते अगदी अल्प उरले आहे. एका शतकात भाषेचा चेहरा एवढा पालटला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही मोजणी कागदांची आहे. माहुलीवर पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या माणसाच्या बोलण्यात फारसी शब्द किती होते, हे ती सांगत नाही.

चौथा टप्पा शिलाहार व यादव काळाचा. शहापूर–मुरबाडच्या दक्षिणेस अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तेथील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे, आणि तो संस्कृतात आहे. अलिबागेजवळील अक्षीच्या मराठी लेखाचा काळ शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला आहे. तेराव्या शतकापर्यंत आलो की महानुभाव गद्य व ज्ञानेश्वरी यांच्यामुळे मराठीचे रूप विपुलतेने दिसू लागते. ‘ऐसें’, ‘तेथ’, ‘जालें’, ‘मियां’ ही रूपे मुलांना अडखळत का होईना कळतील. ‘देवु’, ‘रामु’ असे उकारान्त शब्द विचित्र वाटतील. वाक्याचा अर्थ अंदाजाने लागेल, वेगाने बोललेले मात्र निसटून जाईल.

शेवटचा टप्पा नाणेघाटाचा. कल्याण–सोपारा या बंदरांकडून जुन्नरकडे जाणारी सातवाहनांची ही वाट. माथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख आहे. तो सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. १८२८ साली साइक्सने या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर प्रभृतींनी लेखाचे वाचन सिद्ध केले. यज्ञांची व दानांची गणना करताना त्यात कोरलेले अंक हे भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांपैकी होत. त्याच लेण्यात राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. त्या भंगल्या, पण त्यांवरील नावे राहिली; आणि त्यांत ‘कुमारो’ अशी उपाधी लाभलेले राजपुत्रही आहेत. आपल्या कथेतील कुमारांचे हे दोन हजार वर्षांपूर्वीचे समवयस्क म्हणता येतील.

त्यांचे बोलणे आपल्या मुलांना कळेल काय? श्रीचे ‘सिरि’, सातकर्णीचे ‘सातकनि’, राज्ञःचे ‘रञो’ करणारी ही प्राकृत त्यांना कळणार नाही. तथापि ‘कुमारो’ हा शब्द मात्र चटकन कळेल, आणि तेथेच भाषेच्या इतिहासाचा सर्वांत सूक्ष्म विनोद दडलेला आहे. प्राकृतातील ओकारान्त ‘देवो’चे जुन्या मराठीत ‘देवु’ झाले आणि नंतर अन्त्य स्वर लोपून ‘देव’ उरला. त्याच नियमाने ‘कुमारो’ झिजत जाऊन ‘कुंवर’ झाला. आज आपण बोलतो तो ‘कुमार’ या परंपरेने आलेला नाही; तो संस्कृतातून नव्याने उचललेला आहे. म्हणजे मुलांना जो शब्द सातवाहनांपासून अखंड चालत आला असे वाटेल, तो मध्येच परत आणलेला आहे; आणि ‘पोट’, ‘तूप’, ‘चिखल’ हे रोजचे, कोणी मुद्दाम न जपलेले शब्द महाराष्ट्री प्राकृतातील ‘पोट्ट’, ‘तुप्प’, ‘चिक्खल्ल’ यांपासून खरोखर पायी चालत आलेले आहेत. राजवाड्यातील शब्द उसना निघतो आणि स्वयंपाकघरातील शब्द वारसा ठरतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. त्यासाठी झालेल्या प्रतिपादनात नाणेघाटाच्या लेखाचा आधार घेतला गेला होता. तो आधार वंशपरंपरेच्या अर्थाने यथार्थ आहे. परंतु ‘तीच भाषा’ याचा अर्थ ‘परस्परांना कळणारी भाषा’ असा नव्हे, हे कालप्रवासी मुलांच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

५. भाषेचे घड्याळ

येथे कोणी असे विचारील की भाषा ठरावीक गतीने बदलत असेल, तर शब्द मोजून काळ का सांगता येऊ नये? १९५० च्या सुमारास मॉरिस स्वॉदेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने असाच प्रयत्न केला. मूलभूत शंभर शब्दांच्या यादीतील सुमारे ८६ टक्के शब्द दर सहस्रकात टिकून राहतात, असे गृहीत धरून त्याने भाषांच्या वियोगाचा काळ मोजण्याची रीत मांडली. भाषाशास्त्राचे हे स्वतःचे कालयंत्रच होते. परंतु १९६२ साली बर्गस्लाँ व फोग्ट यांनी उदाहरणांनिशी दाखविले की आइसलँडची भाषा या हिशेबापेक्षा फार सावकाश बदलली आणि तिचीच बहीण नॉर्वेची भाषा पुष्कळ वेगाने. सर्व भाषांना लागू पडणारे एकच घड्याळ नाही.

एवढेच नव्हे, तर एकाच भाषेचे सर्व अवयवही एका गतीने बदलत नाहीत. ‘म्या केलं’ यातील ‘म्या’ हे जुन्या ‘मियां’चे रूप ग्रामीण बोलींनी राखले आहे, प्रमाण मराठीने ते टाकून ‘मी केले’ स्वीकारले. येथे बोली जुनी आणि प्रमाणभाषा नवी. उलट ‘पाणी’, ‘डोळा’ यांतील ण व ळ प्रमाण मराठीने राखले, तर उत्तर कोकणातील कित्येक बोलींत त्यांचे न व ल झाले. येथे प्रमाणभाषा जुनी आणि बोली नवी. प्रत्येक बोली काही जपते, काही टाकते. कोणतीही जिवंत बोली संपूर्णपणे दुसरीचा भूतकाळ नसते.

६. शेजाऱ्याला पूर्वज समजण्याची चूक

वरील विधान भाषाशास्त्रात प्राथमिक आहे. तरी समाजात त्याच्या नेमके उलट समजले जाते, आणि त्याची झळ शहापूर–मुरबाडच्या वाड्यांना लागते. कातकऱ्याची बोली ऐकून ‘ही मराठीची जुनी, कच्ची अवस्था’ असे म्हणणारा सुशिक्षित मनुष्य वेल्सच्या प्रवाशाचेच अनुमान पुन्हा काढत असतो. फरक इतकाच की तो आठ लाख वर्षे ओलांडून आलेला नसून आसनगावच्या स्थानकात उतरून आलेला असतो.

मानववंशशास्त्राच्या क्षेत्रात योहानेस फाबियन याने १९८३ साली ‘टाइम अँड द अदर’ या ग्रंथात हा दोष नेमका दाखविला. अभ्यासक ज्या लोकांत राहतो, ज्यांच्याशी समोरासमोर बोलतो, त्यांच्याविषयी लिहिताना तो त्यांना दुसऱ्याच काळात नेऊन ठेवतो. त्यांचे समकालीनत्व नाकारतो. आपल्याकडे शासनाच्या परिभाषेतही हे घडले. कातकरी, कोलाम व माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन जमातींचा समावेश केंद्राने ज्या वर्गात केला, त्याच्या इंग्रजी नावातील ‘प्रिमिटिव्ह’ हे विशेषण २००६ साली काढून त्याजागी त्यांची विशेष असुरक्षितता सुचविणारा शब्द योजण्यात आला. मराठी शासकीय लेखनात मात्र ‘आदिम जमाती’ हा प्रयोग त्यानंतरही चालत राहिला. ‘आदिम’ हा दारिद्र्यवाचक शब्द नाही, स्थलवाचक नाही. तो कालवाचक आहे. जिवंत माणसांना एका विशेषणाने भूतकाळात पाठविणारे हे कालयंत्र फारच स्वस्त म्हटले पाहिजे.

वस्तुस्थिती काय आहे? १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव आणि त्यानंतरचे भातसा धरण शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईचे नळ त्यांच्या पाण्यावर चालतात, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कातकरी कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर जातात आणि त्या विटांनी वाढत्या शहरांच्या इमारती उभ्या राहतात. शहराचे वर्तमान ज्यांच्या श्रमावर उभे आहे, त्यांना भूतकाळातील ठरविणे म्हणजे ज्याचे देणे लागतो त्याला इतिहासात जमा करणे होय. पूर्वजाचे ऋण स्मरणाने फिटते. शेजाऱ्याचे ऋण रोख द्यावे लागते.

यात आणखी एक विसंगती आहे. चौथ्या भागात आपण जे पाच टप्पे पाहिले त्यांतील जवळजवळ प्रत्येक पुरावा राजांचा, राण्यांचा अथवा कारकुनांचा आहे. माहुलीच्या वेढ्यात लाकूडफाटा आणणारा ठाकर कसा बोलत होता, नाणेघाटात ओझी वाहणारे तांडे कोणत्या भाषेत एकमेकांना हाका मारीत होते, याचा लेख कोणी कोरला नाही. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात उत्तर कोकणातील अनेक बोलींचे नमुने आले. त्यांसाठी घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या उधळ्या मुलाची बायबलातील कथा ठिकठिकाणी भाषांतरित करून घेण्यात आली होती. पुढे अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला सिद्ध केली. या थोर प्रयत्नांपूर्वीचा अंधार मात्र जवळजवळ संपूर्ण आहे. म्हणून असे घडते की ज्यांच्या भूतकाळाचा कागद उरला नाही, त्यांच्या वर्तमानालाच लोक भूतकाळ म्हणू लागतात.

७. उपसंहार

या विवेचनातून कथालेखकांना काही सुचवावे आणि विद्यार्थ्यांना काही, असे वाटते. कुमारांसाठी कालप्रवासाची कथा लिहिणाऱ्याने आपल्या नायकांना भाषेत अडखळू द्यावे. नाणेघाटात पोहोचलेल्या मुलाला ‘पोट्ट’ हा शब्द ऐकून आपल्या आजीचे ‘पोट’ आठवले, तर तेवढ्याने जो थरार उत्पन्न होईल तो दहा लढायांनी होणार नाही. आणि अशा कथेची नायिका मुरबाडच्या एखाद्या कातकरी वाडीतील मुलगी का असू नये? ती ज्या काळात जाईल तेथे तिलाही भाषा शिकावीच लागेल. तिची बोली कोणत्याही भूतकाळाची किल्ली नाही, हे कळून येईल, आणि हीच तिच्या समकालीनत्वाची खूण ठरेल.

विद्यार्थ्यांसाठी मार्ग अधिक निश्चित आहे. विल्यम लबॉव याने १९६३ साली मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील अभ्यासात दाखवून दिले की एकाच वेळी, एकाच गावात, वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे बोलणे पद्धतशीरपणे ताडून पाहिल्यास चालू असलेला भाषाबदल दृष्टीस पडतो. मनुष्य तरुणपणी जी भाषा आत्मसात करतो तिचा ठसा पुष्कळ अंशी आयुष्यभर टिकतो. म्हणून आजीच्या बोलण्यात साठ वर्षांपूर्वीच्या तारुण्याची भाषा ऐकू येते आणि नातीच्या बोलण्यात येऊ घातलेल्या काळाची. येथे आजी ही समाजाचा भूतकाळ नव्हे, आणि बोली ही प्रमाणभाषेचा भूतकाळ नव्हे. प्रत्येक बोलीला स्वतःचा भूतकाळ आहे आणि स्वतःचा भविष्यकाळही आहे, एवढेच ही रीत गृहीत धरते.

शहापूर–मुरबाडच्या कातकरी, ठाकर, कोळी व कुणबी वाड्यांतून अशी तीन पिढ्यांची बोलणी, बोलणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांना त्यांचे श्रेय देऊन, नोंदविण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर वर्गाला दोन वर्षांत करता येण्याजोगे आहे. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचे एक साधे उपकरण आणि पुष्कळसा धीर पुरे. वाडीवरील कुमारवयीन मुलामुलींनाच नोंद करण्यास शिकविले, तर आजीला प्रश्न विचारणारे आणि उत्तरातील बारकावा ओळखणारे त्यांच्याहून अधिक योग्य कोणी सापडणार नाहीत. सातवाहनांच्या वाटेवर ओझी वाहणाऱ्यांचा शब्द आपण गमावला, तो आता कोणत्याही यंत्राने परत मिळावयाचा नाही. त्यांच्यानंतर आज त्याच डोंगराखाली बोलणाऱ्यांचा शब्द मात्र अद्यापि हवेत आहे.